नथ नसलेलं चित्र

गजूचा फोन आला की तो काय बोलतो हे मी नंतर ऐकते. आधी त्याच्या मागचा आवाज ऐकते. गजू माझा धाकटा भाऊ. आसेगावच्या शिवारात आमचा मळा आहे. वरच्या अंगाला वांगी, मेथी, कोथिंबीर, बांधाच्या कडेनं झेंडू आणि खाली नाल्याकडे हळद. गजू फोन करतो तो मळ्यातूनच. त्यामुळे मागे कधी पाण्याच्या मोटारीची घरघर असते, कधी टिटवी, कधी मळणीयंत्राचा धडाका, आणि त्यावरून तिकडे कोणता महिना लागला ते मला कळतं. इथे बंगळुरूत महिने लागतही नाहीत आणि संपतही नाहीत. वर्षभर तेच मऊ, ढगाळ, कुणाचंच नसलेलं हवामान.

अलीकडे एकदा त्याच्या मागे वाफ होती. फुस्स करून सुटणारी, थांबणारी, पुन्हा सुटणारी.

"कुकर आला वाट्टे आपल्यात," मी म्हटलं.

"आला ना. आज आपली पाळी हाय. तुले कसं समजलं?"

हळदीचा कुकर म्हणजे ट्रॅक्टरमागे ओढत आणलेला बॉयलर आणि त्याला जोडलेली लोखंडी पिंपं. कुकर एकाचा असतो आणि गावं दहा. ज्याची पाळी आली त्याने त्या दिवशी हळद शिजवायची. पाळी चुकली तर कुकर पुढच्या गावाला जातो आणि खणून काढलेली हळद ढिगातच काळी पडायला लागते. त्यामुळे त्या दिवशी घरात कोणी मेलं तरी बॉयलरखाली लाकूड सारायला कोणीतरी लागतंच.

गजू आवाज उतरवून म्हणाला, "बाई, माय म्हनून राह्यली होती, शोभीले म्हना माहा फोटो दाखव एक डाव. लय धापा लागून राह्यल्या आता तिले. वाशीमले नेलं होतं मांगच्या हप्त्यात. तू समजून घे."

मी समजून घेतलं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. माय ज्याला फोटो म्हणते तो फोटो नाही, चित्र आहे. एका मोठ्या चित्रकाराने काढलेलं, मी ज्या दालनात नोकरी करते त्याच दालनात लावलेलं. त्यात माय आहे. पण तिला वाटतं तशी ती त्यात नाही. बारा वर्षं मी तिला त्या चित्राबद्दल खोटं सांगत आले आहे.

माझं काम सोपं आहे. दोन नंबरच्या दालनात दाराजवळ लाकडी खुर्ची आहे, तिच्यावर बसायचं. कुणी चित्राच्या फार जवळ गेलं की उठायचं आणि "हात लावू नका" म्हणायचं, कानडीत, हिंदीत आणि इंग्रजीत. तिन्ही भाषांत मला एवढंच वाक्य नीट येतं. दहावीचे दोन पेपर दिलेल्या बाईला पंख्याखाली बसून मिळणारं काम म्हणजे मोठीच गोष्ट आहे. रोज सकाळी निळी साडी नेसताना मी मनातल्या मनात चित्रकारसाहेबांना हात जोडते. आणि रोज संध्याकाळी कुलूप लावून झाल्यावर परत जाऊन कुलूप ओढून बघते. आपलं काही चुकलं तर हे सगळं जाईल, असं मला सतत वाटतं. साहेबांच्या शब्दावर मी इथे लागले, आणि साहेब आता नाहीत.

त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी सांगत नाही. आमच्या गावात मात्र त्यांना कोणी नावाने ओळखत नव्हतं. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी त्यांना आणलं होतं, सर त्यांचे जुने विद्यार्थी. 'देशातले फार मोठे पेंटर येणार आहेत, आपल्याकडचा हळदीचा हंगाम बघायला', एवढं सरांनी सांगितलं आणि गावाने त्याचा आपल्या परीने अर्थ लावला. आमच्याकडे पेंटर म्हणजे दुकानाच्या पाट्या रंगवणारा. साहेब एसटीतून उतरले, उंच, वाकलेले, खांद्याला झोळी. दुसऱ्याच दिवशी एकाने ट्रॉली त्यांच्यासमोर आणून उभी केली.

"साहेब, ह्याच्यावर मांगच्या फळीवर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहून द्या. अन् खाली दोन मोर."

साहेब ट्रॉलीकडे बघत राहिले. मग अगदी खऱ्या दिलगिरीने म्हणाले, "माझं अक्षर चांगलं नाही हो."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. "अक्षर बी येत नाई अन् म्हने मोठा पेंटर!" आमच्या शेजारच्या गोदाकाकू हात नाचवत म्हणाल्या. "आपल्या मास्तरले कोनीतरी चुना लावला बाप्पा." गोदाकाकूंच्या बोलण्यावर आमच्या आळीची मतं ठरत असत, अजूनही ठरतात.

तरी पाहुणा आलाय तर त्याला चांगलं ते दाखवावं, ही आमच्याकडची रीत. सरपंचांनी नवं स्लॅबचं घर दाखवलं. कोणी बैलजोडीची शिंगं रंगवून उभी केली. मंदिराला नवी पताका लागली. साहेब सगळीकडे गेले, सगळीकडे चहा प्यायले, मान हलवली, आणि चित्र काढायला बसले ते भलत्याच ठिकाणी. वाळत टाकलेल्या हळदीवरून एक कुत्रं पळत गेलं होतं, त्या ताडपत्रीपाशी ते अर्धा दिवस बसले. मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीवर बाबांनी पाऊस लागू नये म्हणून मायचं जुनं लुगडं बांधलं होतं, ते काढलं. उसवलेली पोती काढली. मेडशी गावच्या एसटी थांब्यावरचा मोडका बाक काढला, त्यावर भाजीच्या ओझ्यांचे ओले डाग होते म्हणे. माणसं बाजूला उभी राहून वाट बघायची, की आता आपल्याला बस म्हणतील. ते बस म्हणायचे नाहीत.

आमच्या घरी ते येणार हे कळल्यावर मायने जे केलं ते मी आजही विसरू शकत नाही. आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर, पाण्याच्या टाक्याशेजारी, हळदीच्या हंगामात हात पुसायची सगळ्यांना सवय होती. हळद निवडून उठलं की आधी भिंतीवर हात मारायचा, मग टाक्यात बुडवायचा. कित्येक हंगामांचे पंजे होते तिथे. खालचे फिकट, वरचे ताजे, बायांचे, पोरांचे, एक बाबांचा मोठा. सरांनी साहेबांना नेमकं त्या भिंतीचंच सांगितलं होतं. त्यासाठीच ते येत होते, हे आम्हाला कुठे माहीत! आदल्या दिवशी मायने चुना भिजवला, त्यात नीळ घातली, आणि धाप लागत असताना स्टुलावर चढून अख्खी भिंत सारवावी तशी रंगवून काढली. वरून खाली, एकही डाग न ठेवता.

साहेब आले. भिंतीपुढे उभे राहिले.

"इथे हात होते ना?"

"होते ना साहेब," माय कौतुकाने म्हणाली. "लय घान दिसे. पुसून टाकले सारे. तुमी येनार म्हून."

ते बराच वेळ भिंतीकडे बघत बसले, मग वही काढली. मला वाटलं रागावले असतील. पण रागावलेला माणूस इतका वेळ बसत नाही.

ते चित्र आता माझ्या दालनात उजव्या हाताला आहे. निळसर पांढरं, भलं मोठं, आणि त्यात काही नाही. लोक येतात, दोन पावलं मागे सरतात, कोणी म्हणतं आकाश आहे, कोणी म्हणतं समुद्र. एकदा एक मुलगी त्याच्यासमोर उभी राहून रडत होती. मी तिला पाणी दिलं. तिला सांगावंसं वाटलं की ही आमच्या टाक्याशेजारची भिंत आहे, माझ्या मायने रंगवलेली. नाही सांगितलं. माझं काम हात लावू नका म्हणायचं.

कधी कधी मात्र दुपारी दालन रिकामं असलं की त्या निळ्या पांढऱ्यात मला एक एक पंजा दिसायला लागतो. बाबा जाऊन आता पाच वर्षं झाली. त्यांचा हात तिथे कुठे होता, किती उंचीवर, हे मी बसल्या जागेवरून दाखवू शकते.

त्याच हंगामात माझी दहावीची परीक्षा होती. आमच्याकडे मार्चमध्ये हे दोन्ही एकदमच येतं. वर्गात पेपर लिहीत बसलं की खिडकीतून शिजलेल्या हळदीचा वास यायचा. कडू, मातकट, ओल्या लाकडाच्या धुरात मिसळलेला. पहिले दोन पेपर झाले. तिसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी कुकरवाल्याचा निरोप आला की उद्या तुमची पाळी. बाबा भाजी घेऊन मंगरूळपीरच्या बाजाराला जाणार होते. मायची छाती त्या दिवसांत घरघर वाजायची.

"तू जाय पेपरले," माय म्हणाली. "मी पाहून घेतो."

मी सकाळी केस विंचरले, पॅड घेतलं, बाहेर पडले. वाटेत मळ्याकडे वळून बघितलं तर माय बॉयलरशी ओणवी होऊन खोकत होती. मी परत फिरले. मला कोणी परत बोलावलं नाही, कोणी भाग पाडलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर लोकांनी मायला खूप बोल लावला. मी परीक्षेच्या पॅडने जाळाला वारा घातला. दिवसभर. पिंपाच्या तोंडाशी काडी टोचून हळद शिजली का बघत होते, आणि तिकडे अकरा वाजता घंटा झाली ती मला ऐकू आली. शाळा तशी जवळच आहे.

त्यानंतर उरलेल्या पेपरांना जाण्यात अर्थ वाटला नाही. पुढच्या वर्षी बसू म्हटलं. पुढच्या वर्षी पुन्हा मार्चमध्येच हळद होती.

ते पॅडही साहेबांनी काढलंय. पोत्यावर पडलेलं, एक कोपरा जळालेला, चिमट्यात अजून कोरा कागद. मी ते चित्र इथे आल्यावर पहिल्यांदा बघितलं. त्यांनी ते कधी काढलं, मला पत्ताही नव्हता. मी कुठल्याच चित्रात नाही, पण ते पॅड आहे. माझी खुर्ची त्याच्या बरोबर समोर ठेवलेली आहे. ती मी ठेवलेली नाही, आधीपासून तिथेच होती.

आता मायच्या चित्राचं सांगते.

तिला वाटत होतं, आपलं चित्र काढावं. तसं ती बोलली नाही. पण एका सकाळी तिने दिवाळीची जांभळी साडी काढली, केसांना तेल लावलं, पेटीतली नथ घातली. ती नथ तिच्या लग्नातली, नाकाला जड व्हायची. अंगणात प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि तिच्यावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आधार कार्डाच्या फोटोसारखी ताठ बसली.

"काढा साहेब," ती म्हणाली आणि श्वास रोखून धरला.

साहेब लगेच बसले. त्यांना तिचं मन मोडायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. दहा-पंधरा मिनिटं पेन्सिल चालवली. "झालं," म्हणाले, "आभारी आहे." माय लाजली, आत गेली, साडी बदलून जुनी नेसली, नथ पेटीत ठेवली आणि हळदीच्या ढिगाशी जाऊन निवडायला बसली. साहेब जागचे हलले नव्हते. त्यांनी वहीचं पान उलटलं आणि आता जे काढायला लागले ते ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबलेच नाहीत. पाणी दिलं तरी बघितलं नाही.

ते जेवायला उठले तेव्हा मी वही बघितली. पहिल्या पानावर खुर्चीचे पाय होते, मातीत रुतलेले, आणि मायच्या पिवळ्या पडलेल्या टाचा. बाकी खुर्ची रिकामी. दुसऱ्या पानावर माय होती, पाठमोरी. ढिगापुढे बसलेली, मान खाली, पाठीच्या मणक्यांवर घामाने चिकटलेलं पोलकं, मागे सोडलेला पदर. हात दिसत नव्हते, चेहरा दिसत नव्हता. नुसती पाठ, डोंगरासारखी.

"चेहरा नाही काढला?" मी धीर करून विचारलं.

"मला येत नाही," ते म्हणाले.

अक्षर चांगलं नाही म्हणाले होते, तसंच. तेव्हा मला वाटलं टाळतायत. आता त्यांच्या चित्रांसमोर सहा वर्षं बसल्यावर वाटतं, खरंच सांगत असतील. माणूस समोर येऊन बसला की तो आपलं जे दाखवायचं ते दाखवतो. ते घ्यायला त्यांना जमत नसेल. माणूस उठून गेल्यावर मागे जे राहतं, तेवढंच त्यांच्या हाताला लागत असेल. पण हे माझं आताचं शहाणपण. खुर्चीत बसून बसून आलेलं. त्या दुपारी माझ्यासमोर माय उभी होती, हात पुसत, आणि विचारत होती,

"कशी आली मी?"

"लय चांगली," मी म्हटलं. "नथ बी काढली. नथीतला मोती न् मोती दिसून राह्यला."

एवढंच. तोंडातून निघून गेलं. तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघून मागे घेता आलं नाही.

हंगाम संपला, साहेब गेले. जाताना पत्ता लिहून दिला, "कधी लागलं तर." काही वर्षांनी माझं लग्न झालं, नवऱ्याला इकडे गाडीवर काम मिळालं, आणि शहरात आल्यावर सहा महिने मी भाड्याच्या खोलीत भिंतीकडे बघत बसले. मग एक दिवस तो पत्ता काढला. साहेब आणखी वाकले होते. त्यांनी मला ओळखलं नाही, पण आसेगाव म्हटल्याबरोबर विचारलं, "आईची धाप कशी आहे?" त्याच आठवड्यात मला ही खुर्ची मिळाली.

तिकडे मात्र माझं खोटं वाढत होतं. पोर वाढावं तसं, माझ्याशिवाय. "माहा फोटो मोठ्या शहरात लावेल हाय, नथ घातलेला," माय बाजारात सांगायची, लग्नात सांगायची, गजूला मुलगी बघायला गेलो तर तिथेही सांगितलं. गोदाकाकू टोमणे मारायच्या, "आमाले कधी दाखवतं वो? का नथीवानी फोटोबी पेटीत ठेवला?" माय माझ्याकडे लकडा लावायची. मी सांगायची, इथे फोटो काढायला बंदी आहे, नोकरी जाईल. बंदी खरंच आहे. ती पाटी माझ्या खुर्चीच्या वरच आहे. त्या पाटीचे माझ्यावर फार उपकार आहेत.

यंदा, साहेबांच्या माघारी, आमच्या हंगामाची सगळी चित्रं एकत्र लागली. तोवर मायचं चित्र गुदामात गुंडाळलेलं होतं. ते दोन माणसांनी उचलून आणलं, भिंतीवर चढवलं, कापड काढलं, आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. वहीतली पाठ आता माझ्यापेक्षा उंच झाली होती. पोलक्याचा विटलेला हिरवा, मानेवरचा काळवंडलेला घाम, पलीकडे हळदीचा उजेड. लोक येतात, तिच्यासमोर हळू बोलायला लागतात. मी तिच्याकडे दिवसातून किती वेळा बघते देव जाणे. बघते आणि आठवतं की ही तिकडे नथ घालून बसली आहे.

गजूचा फोन येऊन दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी दालनाचा कारभार बघणाऱ्या मॅडमकडे गेले. त्या नाही म्हणतील याची मला खात्री होती, खरं तर तेच ऐकायला गेले होते. मग मला मायला सांगता आलं असतं, की विचारलं गं, नाही म्हणाल्या. मी अर्धवट हिंदीत सांगितलं की ती पाठमोरी बाई माझी आई आहे, आजारी आहे, तिला एकदा फोनवर बघायचंय.

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुमची आई? सहा वर्षांत बोलला नाहीत?" मग म्हणाल्या, "आज बंद झाल्यावर दाखवा. हवा तेवढा वेळ घ्या."

माझी पाटी गेली. आता माझ्यापाशी काही राहिलं नाही.

सहाला लोक गेले. मी गजूला फोन लावला. पडद्यावर आमचं अंगण आलं, उतरतं ऊन, बाजेवर टेकून बसवलेली माय. इतकी लहान झालेली. नाकाखाली जखम झाल्यासारखं लाल, आणि मग दिसलं, तिने नथ घातली होती. बाजेशी गोदाकाकू बसलेल्या. बोलावलेल्या.

"दाखव वो शोभे लवकर," गोदाकाकू म्हणाल्या, "तुह्या मायनं सकायपासून जीव खाल्ला आमचा."

मी वेळ काढत राहिले. आधी हळदीतल्या कुत्र्याच्या पायांच्या ठशांचं चित्र दाखवलं. "अवो थो आपला मोत्याच होय!" माय हसली आणि हसता हसता खोकली. लुगडं बांधलेला स्टार्टर दाखवला. "हे कायले काढलं? सारं गाव पडलं होतं चांगलं." भिंत दाखवली तर दोघी म्हणाल्या, काहीच दिसत नाही, फोन बिघडला. मग दाखवायला दुसरं काही उरलं नाही. मी मोठ्या चित्राकडे पाठ करून उभी राहिले आणि फोन माझ्याकडे धरला.

"माय, मी तुले खोटं सांगतलं होतं."

"काय खोटं?"

"त्यात नथ नाई. तोंडच नाई. त्यानं तुही पाठ काढली हाय फकस्त."

मायचा श्वास फोनमधून ऐकू येत होता, वर चढणारा, अडकणारा. गजू म्हणाला, "बाई, दाखवून त दे." मी बाजूला झाले.

"तोंड कुठी हाय इचं?" गोदाकाकू ताडकन म्हणाल्या. "बारा वरस झाले सांगून राह्यली नथ, नथ! ही त कोनीबी असन. कोनाचीबी पाठ."

"काकू, गप बसा," गजू म्हणाला.

"फोन इकडं आन," माय म्हणाली. "आनखीन. डोयापाशी."

पडद्यावर तिचा एक डोळा आला, मोतीबिंदूने धुरकट झालेला. तो हलत होता, वर, खाली, चित्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. फोन हलू नये म्हणून मी कोपर भिंतीला टेकवलं.

"हे मी नोहोय," ती म्हणाली.

मी डोळे मिटले.

"हे माही माय होय."

मायची माय, माझी आजी, मी पाहिलेली नाही. माय सहा-सात वर्षांची असताना ती गेली. तिचा फोटो नाही, तिच्याबद्दल घरात कधी बोलणं नाही. मायलाच तिचा चेहरा आठवत नाही, एवढं ती एकदा म्हणाली होती.

"अशीच बसे वो थे निंदाले," माय सांगत होती, मला की गोदाकाकूंना की कुणालाच नाही. "मी मांगं धुऱ्याबांधावर बसून राहो. तिची पाठ पाहात. भूक लागली म्हनो त म्हने, ही एक तास त्या धुऱ्यापर्यंत होऊ दे. मंग दुसरी तास. तोंड नाई आठवत मले. पाठ आठवते. हा मानूस कवा गेला होता तिच्याकडं?"

गोदाकाकूंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि पडद्यातून बाजूला झाल्या. मायने हात वर नेऊन नथ काढली, न बघता गजूच्या हातात दिली.

"शोभे."

"हो माय."

"तू रोज असतं तिथी?"

"रोज."

"दिवसभर?"

"दहा ते सहा."

तिने दम घेतला. "एक डाव बी मांगं पाह्यत नाई थे?"

मी चित्राकडे वळले. दालनातले अर्धे दिवे बंद झाले होते, हळदीचा उजेड तेवढा तिच्या खांद्यापलीकडे राहिला होता.

"नाई, माय."

"काम आवरलं नसन तिचं," माय म्हणाली.